कोरी पाटी आणि निळा शर्ट

फुटबॉलच्या मोसमातला पहिला सामना म्हणजे काय चीज आहे, हे त्या दिवशीचा गुणतक्ता पाहिला की कळतं. खेळले शून्य, जिंकले शून्य, हरले शून्य, गुण शून्य! मागच्या वर्षीचा विजेता आणि मागच्या वर्षी तळाला जाऊन बसलेला संघ, दोघंही एका पंगतीत. नावं लावायची तर अकारविल्हे लावावी लागतात. वर्षातला हा एकच दिवस असा, की कुठल्याही संघाच्या पाठीराख्यानं छातीठोकपणे म्हणावं, ''यंदा आपलंच!'' आणि त्याला खोटं पाडायला कुणाकडे पुरावा नसावा.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा नव्या वह्यांना कव्हरं घालताना पोरांना जे वाटतं, तेच थोरांना या दिवशी वाटतं. यंदा पहिल्या पानापासून अक्षर चांगलं काढायचं... पुढे काय होतं ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण म्हणून कुणी पहिलं पान सोडून देत नाही.

महिनोन्महिने चालणाऱ्या लीगची कल्पना मूळची इंग्लंडमधली. ८ सप्टेंबर १८८८ या शनिवारी तिथल्या बारा क्लबांनी पहिली लीग सुरू केली. तेव्हापासून मोसमाचा पहिला दिवस हा तिथे सणासारखाच झाला. आपल्याकडे कोलकात्यात तर खरीखुरी पूजा होते. बंगाली नववर्षाच्या दिवशी तिथले मोठे क्लब मैदानावर गोलपोस्टची पूजा मांडतात. 'बारपूजा' म्हणतात तिला. आपण खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतो, त्यातलाच प्रकार.

आणि आपलं कोल्हापूर? शाहू स्टेडियमवर मोसम सुरू झाला की पेठापेठांतली हवा बदलते. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब... तिथे कुठल्या संघाच्या मागे उभं राहायचं हा प्रश्नच येत नाही. ज्या पेठेत पाळणा हलला, तो संघ आपला. बापाचा झेंडा मुलाच्या हातात, मुलाचा नातवाच्या.

पण जिथे पेठच नाही तिथे काय? जिथे माणसं देशभरातून नोकरीसाठी येऊन राहिली आहेत, शेजाऱ्याची भाषा वेगळी, घरमालकाची वेगळी आणि ऑफिसातली तिसरीच, अशा शहरात फुटबॉलचा पाठीराखा घडतो कसा? याचं उत्तर बंगळूरनं दिलं आहे. आणि ते उत्तर समजून घ्यायचं, तर तिथल्या एकामागून एक सलामीच्या सामन्यांची उजळणी करावी लागते.

शहर जुनं, खेळही जुना

बंगळूरला फुटबॉल शिकवायला कुणी बाहेरून आलं, असं मात्र समजू नका. मुंबईच्या जुन्या फुटबॉलशौकिनांना तर हे सांगायलाच नको. मुंबईचा रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ मध्ये, आणि पुढची पंचेचाळीस वर्षं तो गोऱ्या पलटणींच्या हातून सुटला नाही. तो पहिल्यांदा हिसकावून घेणारा भारतीय संघ कोलकात्याचा नव्हता, मुंबईचाही नव्हता. १९३७ मध्ये 'बंगलोर मुस्लिम्स' या संघानं मोहमेडन स्पोर्टिंगला हरवून तो जिंकला. पुढच्याच वर्षी पुन्हा जिंकला!

स्वतंत्र भारत पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये फुटबॉल खेळला तो १९४८ मध्ये, लंडनला. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी. ३१ जुलैला फ्रान्सनं आपल्याला २-१ असं हरवलं, पण भारताचा तो एकमेव गोल, ऑलिंपिकमधला आपला पहिलावहिला गोल, केला सारंगपाणी रामन यांनी. हे रामन बंगळूरचे. त्याच संघातले, पुढे ईस्ट बंगालच्या 'पंचपांडवां'त गणले गेलेले अहमद खान हेही बंगळूरचेच. अलसूरजवळच्या गौतमपुऱ्यात आजही पेलेचा पुतळा उभा आहे. ज्या वस्तीत पेलेचा पुतळा, तिला फुटबॉल शिकवणारे तुम्ही-आम्ही कोण?

स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखान्यांचे संघ आले. आयटीआय, एचएएल ही नावं शहरभर माहीत होती. पण काळ बदलला. देशपातळीवरच्या आय-लीगमध्ये उरलेला एचएएलचा संघही २०१२ मध्ये तळाला राहून बाहेर पडला. पुढच्या मोसमात देशातल्या सर्वोच्च लीगची सलामी झाली, तेव्हा त्यात बंगळूरचा एकही संघ नव्हता. ज्या शहरानं ऑलिंपिकला खेळाडू दिले, त्या शहराला पाठिंबा द्यायला संघ नाही!

म्हणजे खेळ होता, आठवणी होत्या, मैदान होतं. नव्हती ती फक्त तारीख.

बाप्पा गेले आणि चौथ्या दिवशी...

ती तारीख आली २२ सप्टेंबर २०१३. रविवार होता. अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले होते. जिंदालांच्या जेएसडब्ल्यू समूहानं त्याच वर्षी जुलैमध्ये 'बेंगळुरू एफसी' हा नवा क्लब काढला होता. प्रशिक्षक होते इंग्लंडचे अॅश्ली वेस्टवूड, कर्णधार सुनील छेत्री. जेमतेम दोन महिन्यांचं बाळ, आणि पहिल्याच सामन्यात समोर कोण, तर १८८९ मध्ये स्थापन झालेला मोहन बागान! १९११ मध्ये गोऱ्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकणारा, फुटबॉलमधला आपला पितामहच म्हणा ना.

सामना झाला अशोकनगरच्या जुन्या फुटबॉल स्टेडियमवर. हे काही भव्य मैदान नव्हे. आठेक हजार माणसं बसली की भरलं. एका बाजूला झगमगता मॉल, भोवती वाहनांची वर्दळ आणि मध्ये हिरव्या कृत्रिम गवताचा तुकडा. बेंगळुरूचा पहिला गोल केला शॉन रूनी या ऑस्ट्रेलियन खेळाडूनं. मोहन बागानसाठी सबीतनं बरोबरी साधली. निकाल १-१.

एरवी बरोबरीच्या सामन्याची आठवण कोण ठेवतो? पण त्या दिवशी मैदानाच्या पश्चिमेकडच्या स्टँडमध्ये एक वेगळीच गोष्ट रुजत होती. निळे शर्ट घातलेली तरुण मंडळी तिथे उभी राहून ओरडत होती. क्लबच नवा, तर गाणी जुनी कुठून असणार? ती जमत गेली, चाली बसत गेल्या. कधी कन्नड, कधी इंग्रजी. पहिल्याच मोसमात या घोळक्याला नाव पडलं, 'वेस्ट ब्लॉक ब्लूज'. बसायच्या जागेवरून पडलेलं नाव! कोल्हापुरात पेठेवरून संघाची ओळख ठरते, बंगळूरमध्ये स्टँडवरून पाठीराख्यांची ओळख ठरली. पेठ नव्हती, तर त्यांनी स्टँडचीच पेठ केली.

आणि नव्या पेठेला पहिल्याच वर्षी गुलाल लागला. २१ एप्रिल २०१४ रोजी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर डेम्पोला ४-२ असं हरवून बेंगळुरूनं आय-लीग जिंकली. जन्माला आल्या वर्षीच देशाचा विजेता! ज्यांनी अशोकनगरला ती १-१ ची बरोबरी पाहिली होती, त्यांच्या दृष्टीनं ते तिकीट आता साधं तिकीट राहिलं नव्हतं. 'पहिल्या दिवसापासून' हे दोन शब्द म्हणण्याचा तो परवाना होता.

तोच आकडा, वेगळं पाणी

सलामीचा सामना आणि शेवटचा सामना यांत फरक काय, हे या मंडळींना नेमकं कळलं ते ३१ मे २०१५ रोजी. आता सामने कब्बन पार्कजवळच्या श्री कंठीरव स्टेडियमवर होत होते. कंठीरव म्हणजे सिंह. पश्चिम स्टँडची मंडळीही तिथे गेली, नाव मात्र तेच राहिलं. मोसमाचा शेवटचा दिवस, समोर पुन्हा मोहन बागान. बेंगळुरूला विजेतेपद राखायला विजय हवा होता, बागानला बरोबरीही पुरणार होती. जॉन जॉन्सननं हेडरवर गोल केला आणि घरच्या संघानं आघाडी घेतली. ८७ व्या मिनिटापर्यंत कप बंगळूरचाच होता. मग कोपऱ्यावरून चेंडू आला, बेलो रझाक उंच उडाला आणि १-१!

वीस महिन्यांपूर्वी याच संघाविरुद्ध हाच स्कोअर झाला होता आणि माणसं हसत घरी गेली होती. आता त्याच १-१ नं डोळ्यांतून पाणी काढलं. आकडा तोच. पण पहिल्या दिवशी पाटी कोरी असते म्हणून एक गुणही मिळाल्यासारखा वाटतो. शेवटच्या दिवशी पाटी भरलेली असते म्हणून तोच एक गुण हातातून गेल्यासारखा वाटतो. फुटबॉलच काय, संसाराचा हिशेबही असाच नसतो का?

सलामीला मुंबई!

२०१७ मध्ये बेंगळुरू एफसी इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये आली. एव्हाना आणखी एकदा आय-लीग जिंकून झाली होती. २०१६ मध्ये एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब असा मानही मिळाला होता. तरी नव्या घरात पाऊल टाकताना पुन्हा पाटी कोरी. १९ नोव्हेंबर २०१७, रविवार, कंठीरव स्टेडियम, आणि पाहुणा संघ मुंबई सिटी एफसी. गंमत अशी, की छेत्री त्याआधी आयएसएलमध्ये याच मुंबईकडून खेळला होता. बेंगळुरू २-० नं जिंकली. पहिला गोल एदू गार्सियाचा. दुसरा अगदी अखेरच्या मिनिटांत, खुद्द छेत्रीचा! माहेरच्यांनी सासरच्यांवर केलेला गोल म्हणा हवं तर.

त्या मोसमाचा शेवट मात्र कडू झाला. १७ मार्च २०१८ रोजी, आपल्याच मैदानावर, अंतिम सामन्यात चेन्नईयिननं बेंगळुरूला ३-२ असं हरवलं. घरच्या मांडवातून दुसऱ्यानं वरात नेली! उन्हाळा त्या दुःखात गेला. आणि नव्या मोसमाचं वेळापत्रक आलं तेव्हा बंगळूरकरांनी काय पाहिलं? ३० सप्टेंबर २०१८, कंठीरव स्टेडियम, बेंगळुरू विरुद्ध चेन्नईयिन! व्हेनेझुएलाच्या मिकूनं पूर्वार्धात गोल केला, १-० नं सामना जिंकला आणि सहा महिन्यांची सल निघाली. सलामीच्या सामन्याचा हा मोठा गुण. गेल्या वर्षीचा निकाल त्यानं बदलत नाही, पण त्यावर औषध लागतं.

औषध खरोखरच लागू पडलं. बरोबर एक वर्षानं, १७ मार्च २०१९ रोजी, बेंगळुरूनं एफसी गोवाला हरवून आयएसएल जिंकली. अंतिम सामना झाला मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर. जादा वेळेत, ११७ व्या मिनिटाला, विजयी हेडर मारला राहुल भेकेनं. हा गडी मुंबईचा! बंगळूरच्या पश्चिम स्टँडनं एका मराठी मुलाला खांद्यावर घ्यावं, ही आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट.

रिकाम्या खुर्च्यांचे दिवस

याच अंधेरीच्या मैदानाची आणखी एक आठवण आहे, तीही सलामीच्याच सामन्याची. १ जून २०१८ रोजी चार देशांच्या इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये भारतानं चायनीज तैपेईला ५-० असं धुऊन काढलं. कर्णधार छेत्रीनं तीन गोल केले. आणि पाहायला माणसं किती? २,५६९! दुसऱ्या दिवशी छेत्रीनं हात जोडून एक चित्रफीत टाकली. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, एवढंच त्याचं मागणं होतं. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. कंठीरवच्या भरलेल्या स्टँडची सवय असलेल्या माणसालाच रिकाम्या खुर्च्या एवढ्या टोचू शकतात.

पण खऱ्या रिकाम्या खुर्च्या पुढे यायच्या होत्या. २०१९ ची सलामी झाली २१ ऑक्टोबरला. महाराष्ट्रात त्या दिवशी विधानसभेसाठी मतदान होतं, त्यामुळे आपल्यापैकी फार कुणाचं तिकडे लक्ष नसेल. गतविजेत्या बेंगळुरूनं नॉर्थईस्ट युनायटेडशी ०-० अशी बरोबरी केली. ना गोल, ना थरार. तिथे गेलेली माणसं त्या रात्री वैतागूनच घरी परतली असतील. त्यांना काय कल्पना, की पुढची तीन वर्षं त्यांच्या शहरात सलामीचा सामनाच होणार नाही!

करोना आला. दोन मोसम गोव्यात, बंद दाराआड, प्रेक्षकांविना खेळवले गेले. २२ नोव्हेंबर २०२० रोजी फातोर्ड्याला एफसी गोवाविरुद्ध बेंगळुरूनं दोन गोलांची आघाडी घेतली, आणि इगोर अंगुलोनं पाठोपाठ दोन गोल करून ती पुसून टाकली. २-२. एरवी अशा सामन्याची चर्चा आठवडाभर चालली असती. पण कुणाशी करायची? प्रत्येक जण आपापल्या घरात, टीव्हीसमोर, एकटा. २० नोव्हेंबर २०२१ रोजी बांबोळीला नॉर्थईस्टला ४-२ असं हरवलं. चार गोलांची सलामी! पण त्या चार गोलांपेक्षा २०१९ ची ०-० बरोबरीच मौल्यवान ठरली, कारण तिथे शेजारी माणूस होता. आठवण गोलांची नसते, शेजारच्या माणसाची असते, हे त्या दोन वर्षांनी शिकवलं.

८ ऑक्टोबर २०२२ रोजी कंठीरवची दारं पुन्हा आयएसएलच्या सलामीसाठी उघडली. समोर तोच नॉर्थईस्ट युनायटेड. सामना ०-० वरच अडून बसला होता. तीन वर्षांपूर्वीचंच पान पुन्हा उघडल्यासारखं. पण ८७ व्या मिनिटाला बचावपटू अॅलन कोस्टानं हेडरवर गोल केला, १-०! ८७ वं मिनिट... सात वर्षांपूर्वी याच मैदानावर, याच मिनिटानं घात केला होता. यावेळी त्यानंच भरपाई केली.

परक्या गावातली सलामी

सगळ्याच सलाम्या घरच्या मैदानावर होत नाहीत. २१ सप्टेंबर २०२३, गणपतीचा तिसरा दिवस. सामना कोचीला, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध. या दोन संघांत सहा महिन्यांपूर्वी काय घडलं होतं ते आठवा. ३ मार्चला कंठीरववर बाद फेरीचा सामना, जादा वेळ सुरू, बेंगळुरूला फ्री किक मिळाली. ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावताहेत तोवर छेत्रीनं चेंडू जाळ्यात टाकला. पंचांनी गोल दिला. ब्लास्टर्सच्या प्रशिक्षकांनी चिडून सगळा संघच मैदानाबाहेर नेला! क्लबला चार कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. आणि नव्या मोसमाची पहिली शिट्टी वाजणार होती ती नेमकी याच दोघांत, कोचीत.

गंमत म्हणजे ज्याच्या फ्री किकवरून हे रामायण झालं तो छेत्री तिथे नव्हताच. तो चीनमधल्या हांगचौला आशियाई खेळांत भारताकडून खेळत होता. त्याच दिवशी त्यानं बांगलादेशविरुद्ध पेनल्टीवर गोल करून भारताला १-० असं जिंकून दिलं. इकडे कोचीत मात्र बेंगळुरू २-१ नं हरली. बंगळूरच्या पाठीराख्यांना एकाच दिवशी टाळ्याही वाजवायच्या होत्या आणि कपाळाला हातही लावायचा होता.

पण पाहा, ब्लास्टर्सच्या माणसाला विचारलं तर त्याच्या लेखी हीच सर्वांत गोड सलामी असणार! एकाच सामन्याच्या दोन आठवणी, दोन शहरांत, दोन रंगांच्या शर्टांखाली. पिवळ्याची वेगळी, निळ्याची वेगळी.

आठ वर्षांचा पोरगा

बंगळूरच्या या वहीतलं सगळ्यात सुंदर पान मात्र १४ सप्टेंबर २०२४ चं आहे. ऐन गणेशोत्सवातला शनिवार. कंठीरव स्टेडियमवर समोर ईस्ट बंगाल. पंचविसाव्या मिनिटाला गोल झाला आणि तोच निर्णायक ठरला, १-०. गोल करणाऱ्याचं नाव विनीत व्यंकटेश. वय वर्षं १९. गाव बंगळूर!

जरा हिशेब मांडा. २२ सप्टेंबर २०१३ रोजी अशोकनगरला क्लबनं पहिला सामना खेळला, तेव्हा हा पोरगा आठ वर्षांचा होता. ज्या वयात मुलांना कुठल्या तरी रंगाचा शर्ट अंगाला चिकटून बसतो, त्याच वयात त्याच्या शहराला आपला रंग मिळाला. अकरा वर्षांनी त्यानंच मोसमाचा पहिला गोल केला. स्टँडमध्ये त्या दिवशीही आठ-आठ वर्षांची मुलं असतीलच. त्यांच्या बापांनी २०१३ ची १-१ पाहिली, त्यांनी २०२४ ची १-० पाहिली. पेठ नसलेल्या शहरात पेठ अशी वसते. शंभर वर्षं लागतातच असं नाही. दरवर्षी एक तारीख, एक मैदान आणि बोट धरून नेणारं कुणीतरी घरचं माणूस, एवढं पुरतं.

सप्टेंबर आला, शिट्टी आली नाही

म्हणूनच २०२५ मध्ये जे झालं ते नुसतं 'खेळ लांबणीवर' या मथळ्याखाली संपण्यासारखं नाही. राष्ट्रीय महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, पुढचं काही ठरत नव्हतं. जुलैमध्ये लीग 'स्थगित' असल्याचं क्लबांना कळवण्यात आलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं आपल्या मुख्य संघातल्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले. सप्टेंबर आला, गणपती आले आणि गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. गुणतक्ता निघालाच नाही. शून्यंसुद्धा नाहीत!

लीगच्या व्यापारी हक्कांसाठी निविदा मागवल्या, तर नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही आली नाही. २०२६ च्या पहिल्याच आठवड्यात छेत्रीसह देशातल्या नामवंत खेळाडूंनी 'आम्हाला फक्त खेळायचं आहे' या अर्थाची कळकळीची विनंती जाहीरपणे केली. अखेर ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारी ही तारीख जाहीर केली. चौदा संघ, पण सामने कमी. एकमेकांशी दोनदा नव्हे, एकदाच खेळायचं. तुटपुंजा का होईना, पण मोसम!

हरल्याचं दुःख पाठीराख्याला नवं नसतं. ३१ मे २०१५ त्यानं पचवला, १७ मार्च २०१८ पचवला, आणि १२ एप्रिल २०२५ रोजी कोलकात्यात मोहन बागानकडून जादा वेळेत गमावलेला अंतिम सामनाही पचवला. कारण प्रत्येक वेळी पुढे नव्या मोसमाचा पहिला दिवस दिसत होता. मिकूचा गोल, कोस्टाचा हेडर, विनीतचा फटका, हे सगळं त्या पुढच्या तारखेच्या पोटात होतं. २०२५ मध्ये एप्रिलचं दुःख होतं आणि पुढची तारीखच नव्हती. औषधाची बाटलीच कुणीतरी फळीवरून काढून घेतली होती.

करार, हक्क, निविदा हे शब्द मोठ्या टेबलांवरचे आहेत. त्या टेबलांभोवती बसणाऱ्यांना मोसमाचा पहिला दिवस म्हणजे वेळापत्रकातली एक ओळ वाटत असेल. पण परगावाहून येऊन बंगळूरमध्ये स्थिरावलेल्या माणसाला ती ओळ म्हणजे या शहरातली आपली मुळं मोजायची पट्टी आहे. ''तुमची पहिली सलामी कोणती?'' असं त्याला विचारून पाहा. तो स्कोअर सांगण्याआधी त्या दिवशी सोबत कोण होतं ते सांगेल. खोलीवरचा दोस्त, नव्यानं लग्न झालेली बायको, गावाहून आलेले वडील, खांद्यावर बसवलेली लेक. स्कोअर नंतर येतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो.

आपल्याही गावात कुठे ना कुठे मोसम सुरू होत असतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर, मुंबईत कूपरेजवर, गोव्यात फातोर्ड्याला, नाहीतर तालुक्याच्या मातीच्या मैदानावर. पुढच्या वेळी घरातल्या आठ वर्षांच्या पोराचं किंवा पोरीचं बोट धरून पहिल्या सामन्याला जरूर जा. संघ जिंकेलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही. बरोबरी होईल, पाऊस येईल, भेळेचा कागद भिजेल. पण तिकीट मात्र फेकू नका. मागे तारीख लिहा, सोबत कोण होतं ते लिहा आणि पोराच्याच दप्तरात ठेवून द्या.